हेल्मीच्या कोंबड्यांचा हिवाळा

हॅनकॉक, मिशिगन
९ नोव्हेंबर

हेल्मी,

तू म्हणालीस, फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलते. लिही म्हणालीस. म्हणून कागद घेऊन बसलोय. एवढ्या वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच आली नव्हती, कारण तू कधी स्वयंपाकघरापलीकडे गेली नव्हतीस. आता एकदम टूसॉनला, पार वाळवंटात. असो.

बर्फ पडायला लागलंय. छपरावरचं एकदा ओढून झालं. कंबर दुखत नाही, विचारू नकोस.

कार्ला म्हणाली की तुझा खोकला तिकडे कमी झालाय. बघ, म्हणजे थंडीच बाधत होती तुला. आपल्या लेकीनं मलाही बोलावलं होतं हे मी विसरलेलो नाही. पण ज्या गावात दारापुढे गवताऐवजी दगड पसरतात आणि त्याला बाग म्हणतात, तिथे मी राहणार नाही. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो.

तुझ्या कोंबड्या मजेत आहेत. माझ्या सगळ्या आत्यांची नावं तू त्यांना दिलीस, तेव्हा मला राग आला होता. आता रोज सकाळी दाणे टाकताना बघतो, तर हिल्दाची मान खरंच हिल्दाआत्यासारखी वळते. तुझी नजर वाईट आहे बाई. सेल्मानं परवा निळं अंडं दिलं, ऐनोनं हिरवं, इडाचं ते विटकरी ठिपक्यांचं. हिल्दाचं चॉकलेटी मी फोडलंच नाही, खिडकीत ठेवलंय. ईस्टरला गावातल्या बाकीच्या बायका अंडी रंगवत बसायच्या आणि तू आयती रंगीत अंडी खोक्यात घालून चर्चमध्ये मिरवायचीस. शेजारची वर्ना अजून जळते त्यावरून.

जाताना तू गाडीच्या खिडकीतून म्हणालीस, "मे महिन्यात माझ्या कोंबड्या बघायला येईन. मग ठरवीन." काय ठरवणार ते विचारायचं राहूनच गेलं. पण कोंबड्यांची काळजी करू नकोस. डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. मे महिन्यात तुला एकही पीस कमी दिसणार नाही.

आर्वो

४ डिसेंबर

हेल्मी,

तुझं पत्र मिळालं. दारात संत्री पिकतात म्हणतेस. आम्हीही दुकानातून आणून खातो, त्यात काय.

इथे थंडीनं जोर धरलाय. काल खुराड्यात गेलो आणि वर बघतो तर काय, छपराखालचे दोन्ही बाजूचे झरोके सताड उघडे. इतकी वर्षं तुझ्या कोंबड्या वाऱ्यात बसत होत्या आणि मला पत्ताच नाही. मी तिकडे कशाला फिरकणार, ते तुझं राज्य. पहाटे उठून तू आत जायचीस ती दोन-दोन तास बाहेर यायची नाहीस. मी खिडकीतून ऐकायचो, तुझी बडबड चालू. मला वाटायचं, चला, हिचं बरं चाललंय.

तर ते झरोके मी बंद केले. मी कोण आहे हे तू जरा आठव. या पट्ट्यातल्या अर्ध्या सौना, वाफ घ्यायच्या लाकडी खोल्या, माझ्या हातच्या आहेत. ओंडक्यांच्या फटीत शेवाळ ठासून मी भिंत घातली, की आतली वाफ बाहेर जायची काय बिशाद. तेच केलं. शेवाळ सुकवून ठेवलेलं होतंच, झरोक्यांत ठासलं, दाराच्या कडेनं लोकर लावली. आता आत हात घातला तर कोमट लागतं. आत्याबाई एकमेकींना चिकटून बसल्यात, शनिवारी अंघोळ करून आपण बसायचो तशा.

तुझं खुराडं आता गावातलं सगळ्यात उबदार खुराडं आहे. खोटं वाटत असेल तर वर्नाला विचार. नको, तिला विचारू नकोस.

सोबत सेल्माचं एक पीस ठेवलंय. तिची आठवण येते म्हणालीस म्हणून.

आर्वो

११ जानेवारी

हेल्मी,

तुझं पत्र नाताळच्या गर्दीत अडकून उशिरा आलं. "झरोके आधी उघड, आजच्या आज," असं तू तीनदा लिहिलंयस. उघडले. ओरडायचं कारण नाही.

कोंबड्या ठीक आहेत. अंडी देताहेत. सेल्मा रोज निळं देते, इडाही देते. काल दोन अंड्यांचं आम्लेट केलं. एकट्याला पुरतं.

तू लिहिलंस की खुराडं झाडताना तोंडाला फडकं बांधत जा, विसरू नकोस. वाळवंटात जाऊन तू भलतीच नाजूक झालीस. जन्मभर तू स्वतः काही बांधलं नाहीस आणि मला सांगतेस. बांधीन, बांधीन.

एक सहज विचारायचं होतं. म्हणजे उगाच, बसल्या बसल्या मनात आलं. ती चॉकलेटी अंडी हवी असतील तर हिल्दासारखी मरान्स जातच लागते का? दुसरी एखादी, जरा छोट्या तुऱ्याची असते का तशी? घाई नाही. सवडीनं कळव.

तुझा खोकला कसा आहे? कार्ला फोनवर काही नीट सांगत नाही, डॉक्टरकडे जाऊन आलो एवढंच म्हणते.

आर्वो

२ फेब्रुवारी

हेल्मी,

तुझं कार्ड आलं. संत्र्याच्या बागेचं चित्र आणि मागे चारच ओळी. "दिवस एवढा लहान असताना इडा कधीच अंडं देत नाही. मार्चपर्यंत नाही. म्हणजे तू खुराड्यात दिवा तरी लावलास, नाहीतर माझ्याशी खोटं तरी बोललास. कुठलं ते सांग."

दिवा लावला नाही.

हिल्दा गेली. इडा पण गेली. त्या दोघी करड्या होत्या ना, ज्यांची नावं मला नेहमी उलटसुलट व्हायची, त्यातली एक गेली. डिसेंबर संपायच्या आधीच तुरे टोकाला काळे पडायला लागले होते. मला वाटलं थंडी आणखी आत शिरतेय कुठून तरी, म्हणून मी आणखी शेवाळ ठासलं. जितके काळे पडत गेले तितकं मी ठासत गेलो. मग त्या तोंड उघडून श्वास घ्यायला लागल्या. आत गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं, एवढा उग्र वास. तरी मी दार लावूनच घ्यायचो.

शेवटी वर्ना आली. माझ्या तोंडाकडे बघून तिला संशय आला असणार. खुराड्याचं दार उघडलं आणि आत डोकावून तशीच मागे आली. "अरे आर्वो, हे काय केलंस तू? आत बघ, छपरातून पाणी ठिबकतंय. त्या बिचाऱ्या श्वास सोडतात, शिटतात, ती सगळी ओल जाणार कुठे? तुऱ्यावर पडते आणि तिथेच गोठते. कोंबडीला थंडी नाही मारत रे, ओल मारते. माणसं उघडी बसून घाम गाळतात ती सौना, आणि ह्या पिसं घालून बसलेल्या. तुला कुणी सांगितलं हे?"

कुणी नाही सांगितलं. मला एकच गोष्ट नीट येते, ती मी केली.

सेल्मा आणि ऐनो धडधाकट आहेत. त्यांना तुरा म्हणून नुसती बुटकी गाठ आहे, तिथे गोठायला काही नव्हतंच. तुला माहीत असणार हे. मला आता कळलं.

रागावली असशील. रागाव. पण मे महिन्याचं रद्द करू नकोस. मी भरून काढतो.

आर्वो

२१ फेब्रुवारी

हेल्मी,

तुझ्या उत्तराची वाट बघितली. आलं नाही, म्हणून मीच लिहितो.

वर्नाकडून कोंबड्यांचा कॅटलॉग आणला. रोज जेवणानंतर तोच वाचतो. त्यातली चित्रं बघून वाटतं की कोंबड्या कधी शिटतच नसाव्यात. पण मी आता फसत नाही. आधी तुरा बघतो, मग पाय, मग अंडं. तू उलटं करायचीस, आधी अंड्याचा रंग आवडायचा आणि मग तिला हिवाळ्यात कशी जगवायची ते तू बघायचीस. तुला जमायचं. मला जमणार नाही, तेव्हा मला अशा जाती पाहिजेत ज्या माझ्या हातूनही मरणार नाहीत.

कॅनडात एक जात तयार केलीय, शाँतक्लेर. तुरा जवळजवळ नाहीच, डोक्याला बटण लावल्यासारखं काहीतरी. आपल्या थंडीला ती हसेल. पण अंडं साधं तपकिरी, दुकानातल्यासारखं. तू बघून न बघितल्यासारखं करशील. वायनडॉटचं तसंच, तुरा डोक्याला चापून बसलेला, अंगावर नक्षी सुरेख, आणि अंडं पुन्हा तपकिरी. थंडीत टिकणाऱ्या सगळ्या बायका दिसायला ठसठशीत आणि अंड्याच्या बाबतीत कंजूस, असं माझं मत झालंय.

वेल्समर, म्हणजे आपल्या इडाची जात. अंडं काय सुंदर, पण तुरा असा उभा की जानेवारीला आमंत्रणच. मरान्सचं तेच. ती पानं मी उलटून टाकली. मग पुन्हा उघडली. हिल्दाचं ते अंडं अजून खिडकीत आहे.

निळ्यासाठी अमेराउकाना नक्की. सेल्मानं स्वतःला सिद्ध केलंय. हिरव्यासाठी ऐनोसारख्या मिश्र जातीच्या, त्यात कुठली काय रंग देईल ते अंडं पडेपर्यंत देवालाही ठाऊक नसतं. आणि एक गंमत कळली. अमेराउकाना कोंबडा आणि मरान्स कोंबडी यांची पिल्लं मोठी झाली की ऑलिव्हसारखी गडद हिरवी अंडी देतात, आणि पुष्कळदा तुरा बापाचा, बुटका. म्हणजे हिल्दाचा रंग थोडासा राहतो आणि तुरा गोठत नाही. हे वाचून मी एकटाच टेबलावर हात आपटला. तुला सांगावंसं वाटलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं.

या तीनच जाती मागवतो. कळव.

आर्वो

१५ मार्च

हेल्मी,

"पिल्लं मागवू नकोस. मी तुला विनवते. का ते मे महिन्यात सांगीन." एवढंच लिहिलंस. अक्षरही तुझं वाटत नाही, वेडंवाकडं.

का ते मला कळतं. तुला वाटतं मी तीही मारीन. किंवा तुला परत यायचंच नाही, आणि कोंबड्या नसल्या की यायचं कारण उरणार नाही. कार्लानं भरवलं असेल तुझ्या डोक्यात. तिला लहानपणापासून खुराड्याचा वास सहन व्हायचा नाही.

तर ऐक. मी मागवलीत. तुझं पत्र यायच्या आधीच मागवली होती, आणि नसती मागवली तरी आता मागवली असती. झरोक्यांना जाळी मारून ते कायमचे उघडे केलेत. खाली कोरडा भुसा, वर हवा. तू येशील तेव्हा तुला घर जसंच्या तसं दिसलं पाहिजे. तू असताना जे जे होतं ते सगळं.

बर्फ खिडकीच्या वर गेलंय. मे फार लांब वाटतो.

आर्वो

२३ एप्रिल

हेल्मी,

पिल्लं आली. पोस्टातून फोन, "आर्वो, तुझं खोकं चिवचिवतंय, लवकर घेऊन जा, टपाल वाटायला कुणाचं लक्ष लागत नाही." मी पायताणं तशीच अडकवून गेलो. सगळी जिवंत. एकाचे पाय जरा फताडे होते, आता चालतंय.

बाहेर अजून गारठा आहे, म्हणून खोकं स्वयंपाकघरातच ठेवलंय, चुलीजवळ, तू ठेवायचीस तिथेच. दिवसभर भुशात पाय मारतात. टेबलावर, कपाटावर, तुझ्या पडद्यांवर सगळीकडे पिठासारखी बारीक धूळ बसलीय. पुसलं की तासाभरात पुन्हा. आता पुसायचं सोडून दिलं. खरं सांगू, मला बरं वाटतं. घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. बऱ्याच दिवसांनी शिट्टी वाजवली मी.

तू येशील तोवर त्यांना पिसं फुटलेली असतील. अंडी शरदात. म्हणजे तुला थांबावं लागेल, हे उघड आहे. तुला न विचारता ठरवलंय.

कार्ला म्हणाली तीही सोबत येतेय आणि थोडं सामान आहे. कसलं सामान विचारलं तर म्हणाली, "बाबा, आल्यावर बघशील." बघू.

मी दाढी करीन. तुझी खोली आवरलीय.

आर्वो

४ जून

हेल्मी,

विमानतळावर तू म्हणालीस, "इथे चार दिवस एक शब्द बोलला नाहीस. निदान आता लिही." म्हणून लिहितो. तू होतीसच, तुला सगळं माहीत आहे. पण मला काय दिसलं ते तुला माहीत नाही.

मला दिसलं की तू गाडीतून उतरलीस आणि तुझ्या मागे कार्ला ते चाकांचं नळकांडं घेऊन. तुझ्या नाकात नळी. मी ते बघितलंच नाही असं केलं. कारण मी दार उघडून धरलं होतं आणि खोकं मुद्दाम समोर ओढून ठेवलं होतं, तू आत पाऊल टाकलंस की आधी पिल्लं दिसावीत म्हणून. आणि तू पायरीवरच थांबलीस. रुमाल तोंडावर धरलास. आत आली नाहीस. स्वतःच्या घराच्या पायरीवरून मागे फिरलीस आणि म्हणालीस, "आर्वो, मी खाली तळ्याकाठच्या सौनात राहते." मला वाटलं, संपलं. ही पाहुणीसारखी आलीय. हिला माझ्या घराची किळस येते. मला इतका राग आला की मी सामान उचलायलाही पुढे झालो नाही. कार्लानं एकटीनं सगळं तळ्याकाठी नेलं.

संध्याकाळी मी पन्नुकाक्कु, ते ओव्हनमधलं जाडं धिरडं, घेऊन आलो. निळं अंडं, हिरवं अंडं घालून केलं होतं. ओव्हनमधून निघताना छान फुगलं होतं, तुझ्यापर्यंत येईस्तोवर बसलं. तू बाकावर बसली होतीस. माझा कोट बघून कार्ला मध्ये आली. "बाबा, कोट बाहेर काढ. प्लीज." मी म्हटलं, थंडी आहे. तेव्हा तू म्हणालीस, "काढ रे. कोंबड्यांची धूळ आहे त्यावर."

आणि मग तू सांगितलंस. दोन वाक्यं बोलून थांबायचीस, श्वास घ्यायचीस, पुन्हा बोलायचीस. तो खोकला थंडीचा नव्हताच. पिसांची आणि शिटेची धूळ, इतक्या वर्षांची, तुझ्या छातीत साचली आणि आतून जखमेच्या वणासारखं कडक झालं सगळं. टूसॉनच्या डॉक्टरनं पहिल्याच भेटीत विचारलं, घरात पक्षी आहेत का. मी शेवाळ ठासत होतो तेव्हाच तुला कळलं होतं. मी पत्रात घातलेलं ते पीस कार्लानं अंगणातच चिमट्यानं उचलून फेकलं होतं, आणि माझी पत्रं दिवसभर उन्हात ठेवून मगच तुला देत होती.

मी म्हटलं, लिहिलं का नाहीस? तू हसलीस. हेल्मी, चार दिवसांत तू तेवढी एकदाच हसलीस. म्हणालीस, "लिहिलं असतं तर त्याच दिवशी तू सगळ्यांच्या माना मुरगळल्या असत्यास. सेल्माची पण. मी ओळखत नाही का तुला?"

खरं आहे. मुरगळल्या असत्या.

मग तू मला काही विचारशील असं वाटलं. मी बाकाच्या कडेला बसून राहिलो. मे उजाडला तरी तळ्यावरचं उरलंसुरलं बर्फ फुटत होतं, त्याचा आवाज येत होता. कार्ला बाहेर गेली. तेव्हा तू ते बोललीस. रागानं बोलली असतीस तर मी उलट बोललो असतो. पण तू अगदी साधं, भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं म्हणालीस, "डॉक्टर म्हणाला, रोज दाणे टाकून पाच मिनिटांत बाहेर आला असता तर कदाचित एवढं झालं नसतं. तुम्ही तासन् तास आत का बसायचात? मी त्याला सांगितलं नाही. तुला सांगते. मला बोलायचं असायचं आर्वो. घरात बोललं की तू हं म्हणायचास. तिथे सेल्मा मान तिरपी करून बघायची."

उरलेले तीन दिवस मी लाकडं फोडली. तुला पुढच्या कितीतरी हिवाळ्यांना पुरतील एवढी लाकडं फोडली आणि तू तर इथे राहणारच नव्हतीस. तू सौनाच्या खिडकीतून बघत होतीस. मला ते माहीत होतं. थांब म्हणावं, ये म्हणावं, काहीतरी म्हणावं असं हजारदा आलं. कुऱ्हाड खाली ठेवून तुझ्याकडे यायला वीस पावलंसुद्धा नव्हती. नाही आलो.

मी तुला खिडकीतून ऐकायचो. हे मला तिथे सांगता आलं नाही. तू खुराड्यात बोलत असायचीस, आणि मी चहा घेऊन खिडकीशी उभा राहायचो, चहा गार होईपर्यंत. शब्द कळायचे नाहीत. मला वाटायचं, तू सुखात आहेस. मला ते पुरायचं.

आर्वो

२८ जून

हेल्मी,

हे पत्र वर्नाच्या टेबलावर बसून लिहितोय. कागदही तिचाच. आपल्या ड्रॉवरमधले कागद वापरायला भीती वाटली.

कोंबड्या आणि पिल्लं सगळी वर्नाच्या भावाकडे दिली, गावापलीकडे. सेल्माला पिशवीत घालताना तिनं माझ्या हाताला चोच मारली. मला बरं वाटलं. कुणाच्याही मानेला हात लावला नाही, तुला शब्द देतो. मग खुराडं मोडून जाळलं. माझं काम चांगलं होतं, शेवाळ ठासलेला भाग लवकर पेटेना. घरातले पडदे, गाद्या, तुझ्या लोकरीच्या शाली सगळं बाहेर काढलं. भिंती छतापर्यंत ओल्या फडक्यानं पुसल्या. तोंडाला फडकं बांधून. वर्ना म्हणाली, "दरोडा घालायला निघालास का रे?"

मला वाटत होतं, हे सगळं झालं की तुला लिहीन, घर स्वच्छ आहे, ये. आणि काल कार्लाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना विचारलं मी. असं घर कितीही धुतलं तरी वर्षानुवर्षं त्यात धूळ राहते. आणि आईला आता प्रवासच झेपायचा नाही." मी विचारलं, किती दिवस? ती रडली. मला उत्तर मिळालं.

तेव्हा मीच येतो. मंगळवारच्या विमानानं. त्या दगडांच्या बागेबद्दल मी जे बोललो होतो ते बोललो होतो, आता तो विषय काढू नका दोघी. घराला कुलूप लावलं, किल्ली वर्नाकडे दिली. थंडीत नळ फुटायचे तर फुटू देत.

कार्लानं फोनवर सगळं बजावलंय. त्या घरातली एकही वस्तू आणायची नाही. कोट नाही, बूट नाही, उशी नाही, आपल्या लग्नाचा फोटोसुद्धा चौकटीतून काढून वर्नाकडे ठेवला. दुकानातून नवे कपडे आणलेत, पुडकं न फोडता वर्नाच्या बाहेरच्या खोलीत ठेवलेत, तिथेच अंघोळ करून घालीन आणि सरळ विमानतळावर. नव्या पँटमध्ये मी सरकारी माणसासारखा दिसतो असं वर्ना म्हणते. तू तोंडावर हसलीस तरी चालेल.

कार्लानं आणखी एक सांगितलं. तू आता फार बोलू शकत नाहीस, एका वाक्यात दम लागतो, दिवसभर खिडकीशी गप्प बसून असतेस.

विमानतळावर येऊ नकोस. दार कार्ला उघडेल. आल्या आल्या पुन्हा एकदा अंघोळ करतो, डोक्यावरून, आणि मग तुझ्याजवळ बसतो. तू काही बोलायचं नाहीस. मी बोलतो. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, मला सवय नाही, सुरुवातीला नुसतं हवापाणीच सांगेन कदाचित. कंटाळा आला तरी हाकलू नकोस. थोडा वेळ दे, मला जमेल.

आर्वो